कुलपाचा जबाब

काउंटीच्या गॅरेजात तेवीस वर्षं
मी पोलिसांच्या गाड्यांत कुलपं बसवतोय.
दोन सीटांच्या मधोमध उभा रॅक,
रॅकला पोलादी जबडा,
जबड्यात रायफल.
उघडायचं बटण कुठे लपवायचं ते माझं मी ठरवतो,
प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी.
बायकोलाही सांगत नाही,
तिनं कधी विचारलंही नाही म्हणा.
बटण दाबलं की कट्,
मग आठ सेकंद जबडा सैल.
नवव्याला मिटतो, आत काही असो नसो.

संध्याकाळी गाड्या डेप्युटींबरोबर घरी जातात.
ओरिन हॅस्केलची सोयाबीनच्या शेतालगत
बास्केटबॉलच्या रिंगखाली झोपते.
बॉनेटवर चेंडूचे पोचे आहेत,
मी ते काढत नाही.
समोरच्या मिसेस ड्रम म्हणायच्या,
गाडी दारात दिसली की मला गाढ झोप लागते.
गाडी चोरालाही दिसते,
हे मी त्यांना कशाला सांगू?

फेब्रुवारीत, थुंकी गोठेल अशा एका रात्री
कुणीतरी काच फोडली.
सकाळी सीटवर चुरा,
त्यातली काच कुठली आणि बर्फ कुठला
हात लावल्याशिवाय कळेना.
रायफल नाही.

शेरीफच्या ऑफिसातून दोघं आले,
माझ्या पान्यांशेजारी रेकॉर्डर ठेवला.
कुलूप निकामी झालं होतं का?
मी जबडा उघडून पाहिला, मिटून पाहिला.
ओरखडा नाही, स्प्रिंग ताठ, वायर शाबूत.
म्हटलं, कुलूप ठीक आहे.
त्या रात्री त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं.
त्यांनी ते वाक्य माझ्या नावावर लिहून घेतलं,
सही घेतली,
जाताना एकानं माझी पेन्सिल नेली.

एप्रिलमध्ये ओरिन आला,
तेल बदलायचं निमित्त काढून. तेल नवंच होतं.
उपड्या बादलीवर बसला, टोपी गुडघ्यावर.
त्या रात्री टेसाला एकशे चार ताप.
मामीकडून तिला घेऊन परतला,
नियमाप्रमाणे बटण दाबलं,
रायफल काढली घरात न्यायला,
आणि तेवढ्यात पोरीला उलटी झाली.
रायफल सीटखाली सरकवली, वर कोट टाकला.
"अकरा वर्षांची आहे," म्हणाला,
"जड झालीय आता. दोन्ही हात लागतात."
मग पहाटेपर्यंत ओल्या घड्या,
खुर्चीतल्या खुर्चीत लागलेला डोळा.
कोट मात्र चोरानं नेला नाही.
तो नीट घडी करून ठेवला होता,
हे सांगताना तो पहिल्यांदा हसला
आणि मला बघवेना.

रायफल अजून सापडलेली नाही.
तिचा नंबर त्याला पाठ आहे.
टोलेडोत, डेटनमध्ये, कुठेही गोळी सुटली
की तो फोन करतो, नंबर सांगतो.
पलीकडे कुणीतरी थांबा म्हणतं,
कळफलक वाजतो,
नाही म्हणतं.
तो आभार मानतो.

कुलूप सज्जनांसाठी असतं म्हणतात.
मी सज्जनांसाठीच बसवत आलो.
सज्जनाच्या लेकीला ताप येतो,
हे कुठल्या स्क्रूनं आवळायचं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी सीटखाली एक बझर लावतो.
रॅक रिकामा ठेवून दार लोटलं
की किंचाळतो, पूर्ण एक मिनिट.
डेप्युटी शिव्या घालतात. घालू देत.
पहिला मी ओरिनच्या गाडीत लावला.

त्याला नवी रायफल अजून मिळालेली नाही,
त्यामुळे तो रोज रात्री दार लोटतो
आणि बझर वाजतो,
रिंगखाली, शेतालगत, पूर्ण एक मिनिट.
मिसेस ड्रम यांच्या खिडकीत दिवा लागतो,
विझतो.
त्यांनी तक्रार केलेली नाही.
आणि दोन मिनिटांचं काम आहे, एक वायर,
पण ओरिन ती काढून घ्यायला
आलेला नाही.